चाचीच्या भिंतीवरचे वाकडे भाले

भाल्यांतलं मला काहीही कळत नाही, हे एवढंसं वाक्य लिहायला मला सत्तरी गाठावी लागली. ज्या वयात ते म्हणायला हवं होतं, त्या वयात मी नुकतीच डॉक्टर झाले होते. सुई टोचणारी नव्हे. गाविलगडाच्या तटबंदीवर साडेतीनशे पानं लिहून झालेली. अमरावतीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. नाकावर चष्मा, पर्समध्ये भिंग, जिभेवर सदा 'संदर्भ'. कोणी नुसतं "आज ऊन लय हाये" म्हटलं तरी त्याला पुरावा मागणारी. आता ती बाई रस्त्यात समोरून आली, तर मी डोक्यावर पदर ओढून पलीकडच्या फुटपाथनं निघून जाईन. पण या एका गोष्टीत तिच्यावाचून सुटका नाही, कारण घाण तिनंच केली.

माझं माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. आमच्या भिंतीला भिंत लागून चाचीचं घर. तिचा नवरा, म्हणजे आमचे चाचा, जिनिंगमध्ये फिटर होते. तरुणपणी दहाबारा वर्षं आफ्रिकेत राहून आलेले. "तिकडंबी कापूस पिकते, त्याचीबी सरकी काहाडा लागते, अन् मशीन बिघडली का वऱ्हाडातला माणूस लागते," यापलीकडे ते तिकडचं काही सांगत नसत. सोबत आणले ते दोन भाले. बैठकीत, खिडकीच्या वर, फुलीसारखे टांगलेले. माणसाहून उंच दांडे, चार बोटं रुंद पानासारखी पाती, आणि दोन्ही पाती मानेपाशी वाकलेली. दटावल्यावर पोरानं मान खाली घालावी, तशी.

दर शुक्रवारी चाचा दांड्यांना सरकीचं तेल लावायचे. पात्यांना हात लावायचे नाहीत.

उन्हाळ्याच्या दुपारी ते त्याच भाल्यांखाली तक्क्याला टेकून डोळा लावायचे आणि झोपेत बोलायचे. चारसहा शब्द, तेच ते, एकाच चालीत. ना मराठी, ना उर्दू. मग थांबायचे. समोरून कोणी उत्तर देणार आहे आणि त्याला वेळ द्यायला हवा, असं थांबायचे. उत्तर यायचं नाही. मग पुन्हा तेच शब्द. अकोल्याच्या मे महिन्यात भर दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. रात्रीला निदान रातकिडे असतात. त्या शांततेत आम्ही पोरं दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहायचो आणि त्या थांबण्याची वाट पाहायचो. बोलण्याची भीती वाटायची नाही. थांबण्याची वाटायची.

चाचा गेले. त्यानंतर सहासात वर्षांनी, बोंडअळीनं कपाशीच्या पराट्या पोखरल्या त्या दिवसांत, मी सुटीत माहेरी गेले होते. तेव्हा गावोगाव सगळे कारण शोधत होते. एकानं विहिरीचं तोंड बदललं होतं, दुसऱ्यानं देवघराची भिंत पाडली होती. फवारणीच्या विषाचे डबे बाया कुलपात ठेवत आणि किल्ली कमरेला खोचत. त्यावर कोणी बोलत नसे. चाचीचा मुलगा दर्यापूरकडे शेती करायचा. चांगला बोलका माणूस, त्या वर्षी बोलायचा थांबला होता.

चाचीनं मला बोलावून घेतलं. ती खाटेवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होती.

"ये व पोरी. तुही माय सांगत होती, तू मोठी डॉक्टर झाली म्हणून."

"सुईवाली नाही, चाची."

"मालूम हाये. मले कोणती टोचून घ्याची हाये. बस."

मी बसले. तिनं अडकित्ता भाल्यांकडे केला. "पोरगा म्हणते हे काहाडून टाक. कोणंतरी त्याच्या कानात घातलं, घरात रगताचं लोखंड हाये म्हणून पीक बसून राह्यलं. महिन्यानं बोलला, तं एवढंच बोलला."

"अंधश्रद्धा आहे, चाची."

"ते तू त्याले सांग. मले दुसरं इचाराचं हाये." तिनं सुपारीची खांडं तळहातावर सारखी केली. "तुह्या चाचानं जातानी माह्या हातात हात देल्ला अन् सांगतलं, भितीवरून काहाडू नको. काहून, ते नाई सांगतलं. तवापासून मी याहिकडं पाहून राह्यली. कबरस्तानात त्याच्या बाजूची जागा सांगून ठेवली हाये मी, पोरी. कोणाच्या बाजूले जाऊन निजाचं हाये, ते तं मालूम पडू दे. यानं माणूस मारला का? माह्या माणसानं मारला का?"

आता इथं शहाण्या बाईनं काय म्हणावं? "चाची, मला माहीत नाही." चार शब्द. पण साडेतीनशे पानं लिहिलेल्या बाईला चार शब्द पुरत नाहीत. मी स्टूल ओढलं, वर चढले, पर्समधून भिंग काढलं. भिंग! चाची खालून माझ्याकडे अशी पाहत होती, की नाडी पाहणाऱ्या हकिमाकडेही कोणी तसं पाहत नसेल. पात्याच्या बुडाशी दांड्यावर काळपट तपकिरी डाग होते. चाळीस वर्षांच्या सरकीच्या तेलाचे असतील, गंजाचे असतील. मला ते रक्ताचे दिसले. दिसले म्हणजे काय, हवे होते.

"हे लढाईचे भाले आहेत," मी स्टुलावरूनच सांगितलं. "दुरून फेकायचे नाहीत, जवळून खुपसायचे. आणि पातं हाडावर आदळलं की असं वाकतं."

अडकित्ता थांबला. "दोन्ही?"

"दोन्ही."

"म्हंजे दोन माणसं."

"किमान," मी म्हटलं.

तो शब्द मला अजून ऐकू येतो. किमान! जसं काही खाली परीक्षक बसले होते.

 चाचीनं सुपारी तोंडात टाकली नाही, ताटलीत परत ठेवली. मग म्हणाली, "ने मंग. तुह्या कालिजात ने. मले नोको."

भाले चादरीत गुंडाळून मी एसटीनं अमरावतीला नेले. मूर्तिजापूरला गाडी गच्च भरली, लोक दांड्याला लोंबकळून उभे होते. पण माझ्या शेजारची जागा बडनेऱ्यापर्यंत रिकामी राहिली. एक म्हातारा बसायला वाकला, चादरीकडे पाहिलं, आणि उभाच राहिला. कंडक्टर विचारून गेला, "मॅडम, यात काय हाये?" मी म्हटलं, "आफ्रिकी युद्धभाले." तो पुन्हा माझ्या बाजूला फिरकला नाही. मला त्याचा अभिमान वाटला, असं आठवतं.

आमचे हे बडनेऱ्याला रेल्वेत. दारातच त्यांनी चादरीचं टोक उचलून पाहिलं. "काय हाये हे? पराटी उपटाचा चिमटा?"

"भाले आहेत. आफ्रिकेतले."

"मंग दोन कायले आणले? मी तं एकच हाओ."

घरात ठेवू दिले नाहीत. म्हणाले, "वस्तू वाईट हाये असं नाई म्हणत मी. पण ते खाली पाहून राह्यले, अन् खाली मी निजतो."

कॉलेजात माझ्या ताब्यात एक खोली होती. तिच्यात तुटकी शिल्पं, नाणी, दोन जंबिये आणि एक फुटकी तोफ. दिवाळीनंतर तिथं जुन्या शस्त्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. वाकडे भाले प्रदर्शनात कसे ठेवायचे? आपल्याकडे विळा वाकला, कुदळ वाकली, वखराची पास वाकली की माणूस काय करतो? लोहाराकडे जातो. वाकलेलं लोखंड म्हणजे बिघडलेलं लोखंड, ही वऱ्हाडी अक्कल आईच्या दुधातून मिळते. इतकी पुस्तकं वाचूनही माझी तेवढीच पोचली.

बडनेरा रोडला गाडीलोहारांचा तळ पडला होता. म्हातारा नवरा भट्टीशी, बायको घण मारायला. म्हाताऱ्यानं पातं हातात घेतलं, वाकलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, उन्हात धरलं, आणि बायकोला दाखवलं. तिनंही अंगठा फिरवला.

"बाई," ती म्हणाली, "हे आपटून नाई वाकलं."

"आपटूनच वाकलं आहे. हाडावर."

"हाडावर वाकते तं एका जागी मुडपते, तिथं चीर पडते. याले चीर नाई. हे लाल करून वाकवलं हाये. सावकाश. एकानं इकून धरलं, एकानं तिकून." म्हातारा मान हलवत होता. "मुद्दाम केलं कोणंतरी. काम नाई करू म्हणून."

"मुद्दाम कोण भाला वाकवेल?"

"आता ते मले काय मालूम. पण ज्यानं वाकवला त्याले इचारून सरळ करा."

झालं. सगळं उत्तर तिथंच, रस्त्याच्या कडेला मिळालं होतं. निरक्षर बाईच्या अंगठ्याला मिळालं होतं. आणि मी काय म्हटलं? "तुम्ही फक्त सरळ करा."

म्हाताऱ्यानं पातं भट्टीत घातलं. लाल झालं, तसं ऐरणीवर ठेवलं, आणि तिनं घण मारले. बाक सरळ झाल्यावर त्यानं पातं पाण्यात बुडवलं. चर्र व्हायला हवं होतं. झालंही; पण जरा उशिरानं, आम्ही तिघं पुढं वाकून पाहायला लागल्यावर. बाईनं घण जमिनीवर उभा केला आणि दोन्ही हात पदराला पुसले.

"दुसरा?" मी विचारलं.

"दुसरा नाई करत."

"का?"

"नाई करत," ती म्हणाली, आणि पालात निघून गेली.

तेव्हा एक सरळ आणि एक वाकडा, असेच ते खोलीच्या भिंतीवर आले. खाली मी स्वतःच्या सुंदर अक्षरात पाटी लावली: 'आफ्रिकी युद्धभाले. दुसऱ्याचे पाते आघाताने वाकलेले.'

वाकडा भाला सुतळीनं एका खिळ्याला उभा टांगला होता. सकाळी लावला तेव्हा त्याचं टोक खिडकीकडे होतं. दुपारी तास घेऊन आले, तर माझ्या खुर्चीकडे. मी फिरवून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीकडे. सुतळीला पीळ असतो, हवा दमट झाली की तो उलगडतो, हे मी शिपायाला नीट समजावून सांगितलं. तो म्हणाला, "हाव मॅडम, पीळच असते. पण तुमी खुर्ची हालवा ना." मी खुर्ची दुसऱ्या भिंतीशी नेली. तीन दिवसांनी टोक तिथं आलं. शिपायानं त्या खोलीत झाडू मारणं बंद केलं आणि मी पिळावर एक टिपण लिहायला घेतलं. हसू नका, खरंच घेतलं होतं.

त्याच सुमारास आईचा अकोल्याहून फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "चाचीचं काही खरं नाही गं. चाचाचं नावच काढत नाही आताशा. शब-ए-बरातला कबरीवर फुलं पाठवली नाहीत. मुलाला म्हणते, माझी जागा पार दुसऱ्या कोपऱ्यात पाहा, लिंबाखाली. तुला काही माहीत आहे का?"

मला सगळं माहीत होतं. मी आईला म्हटलं, "सत्य कडू असतं." फोन ठेवला आणि हात धुतले. का धुतले, ते तेव्हा कळलं नाही.

प्रदर्शन सुरू झालं. अकोल्याच्या शेतकी कॉलेजातून विद्यार्थ्यांची एक तुकडी अमरावतीला आली होती, त्यात तिशीपुढचा एक आफ्रिकी माणूस होता. युगांडाच्या उत्तरेकडचा, तिथं शेती खात्यात नोकरीला, इथं कापसावरच्या किडी शिकायला आलेला. बाकीची पोरं तोफेत हात घालून पाहत होती. हा भाल्यांपुढे उभा राहिला आणि हलेना. हात मागे बांधलेले. मी माहिती सांगायला पुढे झाले. झालेच!

त्यानं माझं इंग्रजी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "हा सरळ कोणी केला?"

"मी," मी म्हटलं. "दुरुस्त करून घेतला."

तो खाली बसला. खुर्ची होती, तरी जमिनीवर बसला, आणि बसूनच बोलला. हळूहळू, कारण त्याला माझी कीव येत होती. हे भाले त्याच्याच भागातले. दांड्याच्या बुडाशी तार गुंडाळायची पद्धत पाहूनच त्याला कळलं होतं. दोन कुळांमध्ये रक्त सांडतं, सांडत राहतं, आणि एक दिवस ते थांबवायचं ठरतं. तेव्हा दोन्हीकडचे म्हातारे एकत्र बसतात. दोन्ही बाजूंचा एकेक भाला घेतात आणि वाकवतात, आणि एकमेकांच्या हाती देतात. मारायचा भाला तिथं संपतो. उरतो तो शब्द.

"आणि शब्द मोडला तर?"

"टोक फिरतं," तो म्हणाला. "मोडणाऱ्याकडे."

दोघांनीही वर पाहिलं. वाकडं टोक नव्या जागी हलवलेल्या खुर्चीवर रोखलेलं होतं.

"ही कोणाची खुर्ची?" त्यानं विचारलं.

"माझी."

दुसऱ्या कोणी हसून विषय बदलला असता. त्यानं बदलला नाही. सरळ केलेल्या भाल्याकडे पाहत राहिला. "आमच्याकडे तिकडं आत्ताही लढाई चालू आहे," तो म्हणाला. "माझी आई तिथंच आहे. हे मी तिला लिहिणार नाही."

 पिळावरचं टिपण मी त्या संध्याकाळी फाडलं. भाल्याला भ्यायले म्हणून नव्हे. मला लिंबाखालचा तो कोपरा दिसत होता. एका म्हातारीला मी तिच्या माणसापासून तोडलं होतं, आणि ते एका शब्दानं, तोही गरज नसलेला.

पुढच्या रविवारी मी त्या माणसाला घेऊन चाचीकडे गेले. भाले नेले नाहीत. त्यानंच नको म्हटलं. भर दुपार होती. बैठकीत खिडकीच्या वर भिंतीवर फुलीचा पांढरा ठसा उरला होता, बाकी भिंत चाळीस वर्षांच्या धुरानं पिवळी. चाचीचा मुलगा दाराशी बसला. चाचीनं पाहुण्याला खाटेवर जागा दिली, पाणी दिलं, आणि मला म्हणाली, "तू स्टुलावर बस. तुले सवय हाये."

मी बसले. आणि सांगितलं. हाडावर आदळून वाकले नव्हते, मुद्दाम वाकवले होते, लढाई थांबवायला. माझं चुकलं होतं.

चाचीनं ऐकलं. "तवाबी तू असंच सांगतलं होतं," ती म्हणाली. "असंच. छातीठोक."

 मग ती माझ्याकडे पाठ करून त्या पाहुण्याकडे वळली. त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. आणि डोळे मिटून, मान किंचित मागे टेकवून, तिनं ते शब्द म्हटले. चाचांचे झोपेतले. त्याच चालीत, जसेच्या तसे, त्यांच्याच आवाजात म्हटलं तरी चालेल. चाळीस वर्षं शेजारी ऐकलेले. आणि चाचा थांबायचे तिथं थांबली.

त्यानं उत्तर दिलं.

त्यालाही ते कळायच्या आधी दिलं असावं. तोंडातून चारपाच शब्द बाहेर पडले, त्याच लयीत, आणि तो स्वतःच दचकला. दाराशी बसलेला मुलगा उठून उभा राहिला. माझ्या लहानपणापासून त्या खोलीत जी जागा रिकामी राहायची, ती भरली होती, आणि ते इतकं भयंकर होतं, की मला ती परत रिकामी व्हावीशी वाटली. चाचीनं डोळे उघडले नाहीत. फक्त म्हणाली, "हां."

"कुठं ऐकलं यांनी?" त्यानं मला विचारलं.  मी सांगितलं. तो म्हणाला, हे भाला वाकवतानाचे शब्द आहेत. एक बाजू म्हणते, दुसरी उत्तर देते. त्यानं ते लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून ऐकले होते.

चाचीनं डोळे उघडले. "आता त्याले इचार," ती मला म्हणाली. "माह्या माणसाच्या हातानं माणूस मेला का?"

मी विचारलं.  तो पुष्कळ बोलला. म्हणाला, मला खोटं सांगता येणार नाही. हे शब्द ज्याचं रक्त सांडलं तो म्हणतो, ज्यानं सांडलं तो म्हणतो, आणि साक्षीला बसलेलेही ऐकून ऐकून शिकतात. यांचे पती यांतले कोण होते, मला कळायला मार्ग नाही. परक्या माणसाला कधी कधी साक्षीला बसवतात, तो कोणाच्या बाजूचा नसतो म्हणून. पण दोन्ही भाले एकाच घरात असलेले मी कधी पाहिले नाहीत. ते एकेकाकडे असतात. दोन्ही यांच्याकडे का आले, ते यांनाच माहीत. एवढं नक्की की ज्यानं कोणी मारलं, तो वाकलेल्या भाल्यानंतर थांबला. चाळीस वर्षं झोपेत हे शब्द म्हणणारा माणूस तो शब्द मोडणारा नसतो.

चाची माझ्याकडे पाहत होती. दुभाषी मी एकटीच. तिच्या मुलालाही इंग्रजी येत नव्हतं. आणि मला वाटलं, एकदा अहंकारापायी खोटं बोललेच आहे, आता दयेपायी बोलून फिटंफाट करावी. तेवढीही अक्कल मला आपली भली वाटली.

"नाही," मी म्हटलं.

चाचीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"तो येवढा येळ बोलला," ती म्हणाली, "अन् तुह्यं एकच अक्षर?"

दाराशी मुलगा हसला. ते हसू म्हणजे नुसता श्वास होता, पण वर्षभरात त्या घरात कोणी ऐकलं नव्हतं.  मग मी सगळं सांगितलं. त्याचं प्रत्येक वाक्य, त्याच क्रमानं, कमी नाही, जास्त नाही. 'मला कळायला मार्ग नाही' हेही, आणि 'दोन्ही भाले एका घरात' हेही. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याचं बोलणं माझी तळटीप न लावता पोचवलं असेल.

चाची भिंतीवरच्या पांढऱ्या फुलीकडे पाहत राहिली. बाहेर एक सायकल गेली, तिची साखळी खूप वेळ ऐकू येत राहिली.

"म्हंजे मालूम नाई," ती म्हणाली.

"नाही, चाची."

"हे तवाच सांगतलं असतं तं?"

मी मान खाली घातली.

तिनं मुलाला हाक मारली. "बापू, लिंबाखालची जागा नोको मले. त्याच्या बाजूचीच ठेवजो."

"हाव, अम्मा."

"पण आयक. अगदी लागून नोको. मंदात हातभर सोडजो." तिनं हात लांब करून कोपरापासून बोटांपर्यंत मोजून दाखवला. "तिकडं गेली का अगुदर इचारीन त्याले. मंग पाहीन सरकाचं का नाई ते."

पाहुण्यानं मला विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं. तो उठला, चाचीपुढे वाकला आणि दोन्ही हातांनी तिचा हात धरला. तिनं त्याच्या मुठीत सुपारीची खांडं ठेवली.

भाल्यांचं पुढं काय झालं, ते थोडक्यात सांगते. सरळ केलेला त्याच लोहारणीकडे घेऊन गेले. पुष्कळ हिंडून तिचा तळ चांदूर बाजारकडे सापडला. तिनं मला ओळखलं. पातं लाल केलं आणि एक बाजू मला धरायला लावली. वाकला, पण पहिल्यासारखा नाही. दोघांमधला कोणता माझा, ते आंधळाही सांगेल. दोन्ही चाचीच्या भिंतीवर परत गेले. मुलानंही हरकत घेतली नाही. पुढं पीक बरं आलं का, असं मला विचारू नका. एका वर्षी आलं, एका वर्षी नाही, सगळ्यांचं तसंच.

चाची तिसऱ्या हिवाळ्यात गेली. मुलानं सांगितल्याप्रमाणे केलं. हातभर जागा त्यानं स्वतः मोजून सोडली, खणणाऱ्यांशी त्यावरून वादही झाला. बायका तिथं जात नाहीत, म्हणून मी हे त्याच्याच तोंडून ऐकलेलं. नंतर दोन पावसाळे गेले आणि तो आमच्या आईच्या तेराव्याला आला. अंगणात उभा होता, भाकरीचं पीठ हाताला लागल्यासारखे हात एकमेकांवर चोळत.

"एक सांगाचं होतं," तो म्हणाला. "परवा गेलो होतो तिकडं. मंदातली जागा दिसत नाई."

"म्हणजे?"

"दोन्ही कबरी लागून आल्या. मी मोजली होती, तुमाले मालूम हाये. हातभर होती. आता बोट जात नाई."

काळ्या मातीचं असं होतं. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, सरकते. वऱ्हाडात तिनं किती विहिरींचे काठ आणि किती घरांच्या भिंती हलवल्या, त्यावर मला आत्ता उभ्या उभ्या तासभर बोलता आलं असतं. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता.



"कोण सरकलं असन?" त्यानं विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.